वासूचा तिसरा प्रोग्रॅम पुसताना

वासू, तुला पोचवायला आलो त्या दिवशी मांडवीचा समुद्र अदबीनं मागे सरून उभा राहिला होता, असं मी सध्या गावभर सांगत सुटलोय. एस.टी. कँटीनवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, तुझ्या सासऱ्यांनाही सांगितलं. सासरे म्हणाले, "अहो बंडोपंत, ओहोटीची वेळ होती ती." असेल. ओहोटी काय रोजच असते. पण त्या दिवशीची तुझ्यासाठी नव्हती, हे मला कुणी सिद्ध करून दाखवावं.

तू असतास तर म्हणाला असतास, "बंड्या, तू खोटं नाही बोलत. तू खऱ्याला खाऊपिऊ घालून लठ्ठ करतोस." हे तू कितीदा म्हणालास रे. दर वेळी मी तुला शिव्या घातल्या आणि दर वेळी मनात म्हटलं, याच्याइतकं मला कुणी ओळखलं नाही.

गिरणीवरच्या आपल्या खोलीत परवा एकटाच गेलो. खाली पीठ दळणं चालू, वर आपला कॉम्प्युटर गोधडी पांघरून बसलेला. तू त्याच्यावर वहिनींची जुनी गोधडी घालायचास, पीठ आत जाऊ नये म्हणून. मी गिऱ्हाइकांना सांगायचो की यंत्राला थंडी वाजते, विलायती आहे ना. तुझी खुर्ची तशीच, पाठीला टॉवेल टाकलेली. मी माझ्या खुर्चीत बसलो. कोपऱ्यातल्या खुर्चीत. मी बोलायचो आणि तू काम करायचास अशी आपली भागीदारी, त्यामुळे माझी खुर्ची दाराकडे तोंड करून आणि तुझी भिंतीकडे. बसल्यावर तोंड उघडलं आणि लक्षात आलं, आता ऐकायला भिंतसुद्धा तयार नाही.

आंबा कापून डब्यात भरणाऱ्या कॅनिंगच्या कारखान्यातून निरोप आला होता. आंबा सुरू झाला, बायका कामावर यायला लागल्या, त्यांच्या हजेरीचा नवा प्रोग्रॅम तयार आहे ना? तयार आहे म्हणून कळवलं. तू जायच्या आधीच त्यांच्या मशीनमध्ये चौथा घालून ठेवला होतास. पण तिसराही अजून तिथेच होता. दोघांनी मिळून डिस्क इतकी भरली की या हंगामाची हजेरी दोन आठवड्यांपुढे लिहायला जागाच नाही. तिसरा काढावा लागणार होता. तू तो हळूहळू, तुझ्या पद्धतीनं काढणार होतास. मधेच एका सकाळी चहाचा कप खाली ठेवलास आणि छातीवर हात धरलास. मी तेव्हा सावर्ड्याच्या बाजारात एका दुकानदाराला पटवत होतो, की आमच्या वासूनं केलेला प्रोग्रॅम पाहून मुंबईचे लोक रडले. फोन आला तो त्याच दुकानात. दुकानदारानं ऐकून मला सांगितलं. आणि मी, वासू, मी त्याला म्हटलं, "थापा मारू नका." मी म्हटलं हे. मी.

आठवतं, या कारखान्याचं काम कसं मिळालं? मी मालकांना सांगून बसलो होतो की आमचं यंत्र आंब्याचा नुसता वास घेतं आणि हापूस देवगडचा की रत्नागिरीचा ते बोलून दाखवतं. मालक म्हणाले, दाखवा. त्यांनी खरोखरच पेटी मागवली. तू शांतपणे मशीनला हात लावलास, मान हलवलीस आणि म्हणालास, "आज जमायचं नाही. सर्दी झालीय त्याला." मालक असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि काम आपल्याला दिलं. लोक म्हणतात, बंड्याच्या तोंडामुळे धंदा चालायचा. खरं काय ते आपल्या दोघांना माहीत होतं. आता एकालाच माहीत आहे, आणि त्या एकावर कुणाचा विश्वास नाही.

तुझा माझा एक वाद राहून गेला. तो आज पुरा करतो. तू उलट बोलायला नाहीस, म्हणजे मीच जिंकणार. पण तशी मजा नाही रे.

तुझं म्हणणं असायचं, नवं आलं की जुनं काढलंच पाहिजे. मी म्हणायचो, असू दे एका कोपऱ्यात, खायला मागतंय का? तू म्हणायचास, "मागत नाही. पण एक दिवस कुणीतरी चुकून त्याच्याच दारात जाऊन बसतं." ते पहिल्याच खेपेला घडलं. तुझा दुसरा आपण कारखान्यात चढवला तो नेमका अमावास्येला. हजेरी भरणारे तात्या, कोट-टोपीतले, पापभीरू. त्यांनी समोर मान डोलावली आणि आपली पाठ वळताच पहिल्यावरच हजेरी भरली. अमावास्येला नवीन कशाला हात लावायचा नाही! दुसऱ्या दिवशी नव्यावर बसले. पण नव्यात रकाने इकडचे तिकडे झालेले, डोळ्यांना सवय नाही, म्हणून थोडं अडलं की परत जुन्यावर. शनिवारी पगाराच्या चिठ्ठ्या निघाल्या तर अर्ध्या बायका अर्ध्याच कामावर आलेल्या.

पार्वतीकाकू ती चिठ्ठी घेऊन तुझ्यासमोर उभी राहिली. ती काकू म्हणजे, मी अजिबात फुगवून सांगत नाही, एका हातानं आंबा कापते आणि दुसऱ्या हातानं माशी, मांजर आणि सुपरवायझर तिघांना हाकलते.

"ह्ये बग," तिनं दोन्ही पंजे तुझ्या नाकाखाली धरले. "आंब्याचा चीक अजून गेला नाय. आन् तुजा ह्यो डबा सांगतो, मी घरी झोपली होती?"

"डबा नाही सांगत, काकू. दोन डबे झालेत. तुम्ही दोघांत निम्म्या निम्म्या आहात."

"निम्मी? मला निम्मी करनारा अजून जन्मला नाय!"

तू उठलास, तिला तुझ्या खुर्चीत बसवलंस आणि उभ्यानंच दोन्हीकडची हजेरी एकत्र केलीस. एकेका बाईला नाव घेऊन विचारत होतास, त्या दिवशी होतीस का, कुठल्या टेबलावर होतीस. काम संपेपर्यंत पार्वतीकाकू त्या खुर्चीतून उठली नाही. जाताना म्हणाली, "पोर चांगलं हाय. पन वाळलंय. जेवत नाय का?" पुढल्या आठवड्यापासून तुझ्यासाठी फणसाचे गरे यायला लागले. मला कधी आले नाहीत.

आणि मग पहिला पुसायची वेळ आली तर तात्या दारात आडवे. "असा कसा काढता? वर्षभर राबलाय तो. देवाला विचारलंत?" मला वाटलं, आता तू चिडणार. गणपतीपुळ्याला आपण जायचो तेव्हा मी देवळात आणि तू बाहेर मोदक खात, असा तू माणूस. पण तू चपला काढल्यास, नारळ मागवलास, मशीनपुढे ठेवलास आणि गावाकडे घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलंस.

"बा देवा म्हाराजा! ह्या कारखान्याच्या राखणदारा! आज ह्यो तुजा जुना चाकर वाटंला लागतोय. हंगामभर राबला. कुनाची हजेरी त्यानं खाल्ली असंल, कुनाचं नाव चुकवलं असंल, तर पोटात घाल. त्येला सुखानं जाऊ दे. आन् नवा आलाय त्येच्या हाताला यश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तात्या ओरडले. बायका ओरडल्या. मी तर असा ओरडलो की पत्र्यावरचे कावळे उडाले. दीपगृहापर्यंतचे उडाले. त्या दिवसानंतर तात्यांनी जुन्याचं नाव काढलं नाही.

घरी जाताना मी तुला डिवचलं, काय रे, देव आठवला का? तू म्हणालास, "देवासाठी नाही, तात्यांसाठी. नीट निरोप दिला ना, की माणूस पुन्हा जुन्या दाराशी जात नाही."

वासू, तुझा निरोप मी नीट दिला. सगळं केलं. तेराव्याला तुझ्या आवडीची तिखट डाळ वाढली. तरी मी रोज सकाळी तुझ्या दारावरून जातो आणि रोज हाक मारायला तोंड उघडतो. तुझा हा नियम माझ्यावर चालत नाही. नोंद करून घे.

मांडवीच्या धक्क्यावर बसून तू मला शिकवायचा प्रयत्न करायचास. "एकदा शिकून ठेव, बंड्या. जुनं काढणं अवघड नाही, फक्त घाई करायची नाही." मी म्हणायचो, मी शिकलो तर तुला कोण विचारील? "उद्या मी नसलो तर?" मी म्हणायचो, तू नसलास तर दुकान बंद करीन आणि या धक्क्यावर शेंगा विकीन, आणि एकेका शेंगेत चार चार दाणे आहेत म्हणून सांगीन. तू हसायचास, आणि तरी सांगत राहायचास. आधी उतरवून घे. एक नाही, दोन. एक इथे, एक दुसऱ्याच्या घरी. मग उतरवलेलं दुसऱ्या मशीनवर उघडून बघ, न उघडणारी नक्कल म्हणजे नुसता रिकामा डबा. मग पुसू नको. आधी त्याच्या फायलींची आडनावं बदल. फायलीला नाव असतं आणि टिंबापुढे आडनाव असतं. आडनाव बदललं की तिला कुणी ओळखत नाही, पण ती घरातच असते. तशी ठेव आणि एक आठवडा काम करून घे. काही अडलं, तर आडनाव परत लाव. काहीच अडलं नाही, तर पूस.

"ज्याच्या नसण्यानं कुणाचं अडत नाही तेच काढायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

मी समुद्राकडे बघत तोंडात शेंगा टाकत असायचो आणि तू म्हणायचास, "तुझं लक्षच नाही."

ऐकत होतो रे. शब्दन् शब्द ऐकत होतो. तू बोलत राहावंस म्हणून न ऐकल्यासारखं करायचो. कळलं म्हटलं असतं तर तू थांबला असतास आणि उठून घरी गेला असतास.

एकदाच मी मधे बोललो. विचारलं, "पुसलं म्हणजे पार नाहीसं होतं का रे?" तू सांगितलंस, लगेच नाही होत. यंत्र फक्त त्याचं नाव विसरतं. माल तिथेच पडून असतो, जोवर त्या जागेवर दुसरं काही लिहीत नाही तोवर. मी म्हटलं, "मग लिहूच नकोस ना काही!" तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "मग यंत्र घेतलं कशाला?" तो वाद तिथेच राहिला, कारण भरती आली आणि आपल्या चपला वाहून चालल्या.

गेल्या आठवड्यात मी कारखान्यात जाऊन बसलो. तुझ्या जागेवर. पाठीला घाम. तात्या माझ्याकडे असे बघत होते, जणू मी विमान उडवायला निघालोय. त्यांना म्हटलं, काळजी करू नका, मी मुंबईला शंभर मशीनं साफ करून आलोय. तात्या म्हणाले, "बंडोपंत, आज थाप नको." त्यांनी हे इतक्या मायेनं म्हटलं की मी पुढची थाप गिळून कामाला लागलो.

दोन नकला काढल्या. एक माझ्या घरी, एक वहिनींकडे. वहिनींनी ती फ्लॉपी दोन्ही हातांत धरली. म्हणाल्या, "यात काय आहे?" म्हटलं, वासूचा तिसरा. त्यांनी विचारलं, "हलकी आहे हो. सगळं मावलं यात?" मान हलवून आलो.

गिरणीवरच्या आपल्या मशीनवर नक्कल उघडून बघितली. उघडली. हिरव्या अक्षरांत गेल्या हंगामातल्या सगळ्या बाया ओळीनं उभ्या. मग कारखान्यात येऊन तिसऱ्याच्या फायलींची आडनावं बदलली आणि तात्यांना म्हटलं, भरा हजेरी. तात्यांनी चौथा चालू केला आणि चौथा थबकला. नावांची फाइल सापडत नाही म्हणतो!

तात्या टोपी काढून उभे. बाहेर बायका आत यायला खोळंबलेल्या. मी एकेक फाइल उघडून बघत गेलो. मग समजलं. तू चौथा केलास, पण बायकांची नावं तो अजून तिसऱ्याच्याच खोलीतून, म्हणजे डिस्कवरच्या त्याच्या कप्प्यातून, आणत होता. तेवढं हलवायचं राहिलं होतं. हलवणार होतास, मधे तो चहाचा कप आला. आणि मी जर माझ्या स्वभावाप्रमाणे धडाधड पुसलं असतं, तर ऐन हंगामात मशीननं एकाही बाईला ओळखलं नसतं, आणि त्यांची आठवड्याची मजुरी पुन्हा नव्यानं नावं भरेपर्यंत अडकली असती. तुझ्याच अपुऱ्या कामातून तुझ्याच शिकवणीनं वाचवलं. आडनाव परत लावलं. नावांची फाइल चौथ्याच्या खोलीत नेली. नावं कुठून आणायची ते सांगणारी एक ओळ होती, ती शोधायला माझा अख्खा दिवस गेला. तू असतास तर तोंडातली सुपारी संपायच्या आत झालं असतं. ओळ बदलली. परत तिसऱ्याची आडनावं बदलली. तात्यांनी बटण दाबलं. एकेक बाई पडद्यावर हजर झाली.

मी तुझ्या नावानं मोठ्यांदा शिवी दिली. तात्या म्हणाले, "बरोबर आहे."

आणि मग तो आठवडा गेला. तुझ्या नियमाचा आठवडा. वासू, त्या आठवड्यात माझ्या मनात एकच होतं, काहीतरी अडू दे. कुठेतरी एक चिठ्ठी चुकू दे, एक रकाना रिकामा राहू दे. म्हणजे मी सांगेन, बघा, तिसऱ्याशिवाय होत नाही, वासूचा हात लागलेलं ते राहू द्या. रोज सकाळी जाऊन तात्यांना विचारायचो, काही अडलं? "नाही हो, छान चाललंय." छान चाललंय! आंब्याचे ट्रक येत होते, बायका कापत होत्या, डबे भरत होते, गिरणी दळत होती, एस.टी. सुटत होत्या. ज्याच्या नसण्यानं कुणाचं अडत नाही तेच काढायचं म्हणालास. तिसऱ्याच्या बाबतीत तुझं खरं ठरलं. पण माणसांना हा नियम लावायचा नाही, हे मी तुला धक्क्यावर सांगायला हवं होतं. माझं अडलंय. सकाळपासून अडलंय. कुणाला दिसत नाही, एवढंच.

शनिवारी चिठ्ठ्या बरोबर निघाल्या. एकही बाई भांडायला आली नाही. वीज नीट आहे ना ते बघितलं, तुझ्यासारखंच पंख्याकडे बघून. तात्या गाऱ्हाण्यासाठी कोपऱ्यात नारळ घेऊन उभे होते. मी त्यांना नको म्हटलं. माझा आवाज त्यात पोचला नसता. पुसायची आज्ञा टाइप केली. मशीननं विचारलं, नक्की का?

जन्मभर मला कुणी "नक्की का?" विचारलं की मी छाती ठोकून "नक्की!" म्हणत आलो, आणि एकदाही ते खरं नव्हतं. या वेळी खरं होतं आणि बोट उचलत नव्हतं. मग उचललं आणि बटण दाबलं. आवाज नाही, काही नाही. खालच्या ओळीवर चौकोन लुकलुकत राहिला. मग ती रिकामी खोलीसुद्धा काढून टाकली. आता त्या जागेवर या वर्षीची हजेरी लिहिली जाईल. मी लिहू देईन. यंत्र त्याच्याचसाठी घेतलंय. जिंकलास.

तात्या पावत्या घेऊन मालकांकडे गेले. मी तसाच बसून होतो, तेवढ्यात दारात गाठोडं आपटलं. पार्वतीकाकू. यंदा लेकीच्या बाळंतपणात अडकली होती, म्हणून आठवडाभर उशिरा, गावाहून थेट गाडीतून उतरून आलेली.

"माजं नाव घाल रं," ती म्हणाली. "आन् ह्या खुर्चीत तू कशाला? वासू कुटं हाय?"

मी उठलो. म्हटलं, "काकू, वासू वारला."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि खो खो हसत सुटली. "थापाड्या मेल्या! मागल्या साली म्हनालास, वासूला अमेरिकावाल्यांनी पळवून न्हेला. त्येच्या आदल्या साली म्हनालास, त्येला वाघानं धरला. दोन्ही टायमाला मागल्या दारानं हसत आला पोरगा."

"काकू, खरंच."

"गप बस. असलं तोंडातून काढू नये. ह्ये घे." तिनं गाठोडं सोडून फणसाच्या गऱ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. "ह्ये त्येचं हाय. तू खाऊ नको. मी जाते कापायला. त्येला सांग, पार्वती आलीया."

ती टेबलाकडे निघाली. तिथल्या बायका तिला सांगतीलच. जेवणाच्या सुट्टीत सांगतील, फार तर. मी मागून धावत जाऊन, शपथा घेऊन पटवू शकलो असतो. पटवणं हाच तर माझा धंदा. मी दारात उभा राहिलो. ती कुणाशी तरी काहीतरी बोलून हसत होती, आणि मला तिला थांबवावंसं वाटलं नाही.

"सांगतो," मी म्हटलं.

वासू, पार्वतीकाकू आलीय.